अठरा अक्षरं आणि एक टिंब

सीवूड्सच्या एका सेक्टरात, तळमजल्यावरच्या सहा नंबरच्या गाळ्यापुढे एक हिरवं कापडी छप्पर होतं. त्यावर पांढऱ्या रेडियमच्या अक्षरांत ‘डॉ. अश्विन केळुसकर यांचा दातांचा दवाखाना’ असं लिहिलेलं होतं. छपराखाली दवाखाना नव्हता. डॉक्टर चार वर्षांपूर्वी मुलीकडे कॅनडाला गेले होते आणि जाताना खुर्ची, दिवा, तोंड धुवायचं भांडं सगळं घेऊन गेले होते. नाव तेवढं विसरले होते.

गाळ्याचे मालक कमळाकर मढवी. खाडीकाठच्या गावातला माणूस. वाडवडिलांच्या मिठागराच्या जागी आता इमारती उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एका इमारतीतला हा गाळा जमिनीच्या मोबदल्यात कमळाकरच्या वाट्याला आला होता. रबाळ्याच्या कारखान्यातून तो नुकताच निवृत्त झाला होता. त्याला दोनच नाद होते: भजनी मंडळात टाळ वाजवणं आणि कुठेही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसणं. चार वर्षांत ती पांढरी अक्षरं त्याला कधी खुपली नव्हती. खुपली ती यंदाच्या सप्ताहात.

झालं असं. सप्ताहाच्या काल्याला अख्खं गाव जेवलं. तांदळाच्या भाकऱ्या अशा, की पापुद्रा उचलला तर पलीकडचा माणूस दिसावा. बुवांनी पाटावर बसल्या बसल्या विचारलं, “या भाकऱ्या कुणाच्या हातच्या?”

मंडळी एका सुरात म्हणाली, “कमळाकरच्या घरच्या.”

बुवा हसले. “कमळाकर माझ्यासमोर टाळ कुटत होता. मी थापणाऱ्या माऊलीचं नाव विचारतोय.”

पंगत एकमेकांकडे बघू लागली. कुणी म्हणालं कमळ्याची बायको, कुणी म्हणालं अभयची आई, कुणी म्हणालं वरच्या आळीची मोठी सून. बत्तीस वर्षं जिच्या भाकऱ्यांवर गावचे सगळे सप्ताह आणि सगळ्या हळदी पार पडल्या, तिला नाव असेल हे कुणाच्या ध्यानीच नव्हतं. शेवटी आतून, चुलीजवळून, तिनंच सांगितलं, “पुतळा.”

कमळाकरच्या हातातला घास हातातच राहिला. आठवून पाहिलं, तर तिचं नाव कुठेच नव्हतं. सातबारा सासऱ्याच्या नावावर, गाळा नवऱ्याच्या, गॅसची जोडणी मुलाच्या. त्यानं तिथंच, बुवांच्या पायावर हात ठेवून सांगितलं, “बुवा, पाडव्याला आमच्या गाळ्यात पुतळा भाकरी विकायला बसणार. छपरावर तिचं नाव लागणार. फीत कापायला तुमी यायचं.”

बुवा म्हणाले, “येतो. आता शब्द मोडू नकोस.”

पाडव्याला दीड महिना होता. कमळाकरला वाटलं, नाव लावायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आधी जुनं काढायचं, मग नवं लावायचं. जगात इतकं सोपं काम असतं तर परमेश्वरानं कार्यालयं कशाला निर्माण केली असती?

रेडियमवाला पोपट शिडी आणि हेअर ड्रायर घेऊन आला. म्हणाला, “शेठ, टेन्शन नाय. गरम हवा मारायची, कोपरा उचलायचा, हळूच ओढायचं. दोन तासांत तुमचं छप्पर कोरं.” त्यानं पहिल्या अक्षराला हवा मारली आणि ‘डॉ’ सोललेल्या केळ्याच्या सालीसारखा अलगद खाली आला. पुढचं टिंब तो नखानं उचलणार, एवढ्यात खालून आवाज आला.

“परवानगी?”

खाली अंकुश उभा होता. ‘नोड फलक व छत्रवस्त्र नियंत्रण कक्ष’ या कार्यालयाचा क्षेत्रीय निरीक्षक. हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र.

“कसली परवानगी? माजा गाळा, माजं छप्पर,” कमळाकर म्हणाला.

“छप्पर तुमचं आहे काका. अक्षरं नोंदणीकृत आहेत,” अंकुश सौम्यपणे म्हणाला. “लावायला परवानगी लागते, मग काढायला नको? उद्या कोणीही उठेल आणि काहीही काढेल.” त्यानं फोटो काढला, वेळ नोंदवली आणि काम जिथल्या तिथे थांबवलं.

तिसऱ्या दिवशी कमळाकरला नोटीस आली. छपराची सद्यःस्थिती पाहता त्यावर ‘अश्विन केळुसकर यांचा दातांचा दवाखाना’ असा मजकूर असून सदर इसमाच्या नावामागे ‘डॉ.’ ही उपाधी आढळून येत नाही. सबब आपल्या गाळ्यात विनापदवी इसम दंतचिकित्सा करीत असल्याचे प्रथमदर्शनी दिसते, तरी खुलासा करावा.

कमळाकरनं नोटीस दोनदा वाचली, कपाळाला लावली आणि पुतळाला वाचून दाखवली. पुतळा पीठ चाळत होती.

“म्हंजे आता आपल्या गाल्यान बोगस डॉक्टर हाय?”

“कागदावर हाय.”

“मंग त्याला सांगा, माजी दाढ दुखतेय,” पुतळा म्हणाली. “आनि आवो, मना एवराच सांगा. माजा नाव कवा लागनार?”

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. दारावर ‘पाणीपट्टी भरणा केंद्र’ अशी पाटी होती. ती जुनी पाटी काढण्याचा प्रस्ताव याच कार्यालयाकडे गेली नऊ वर्षं प्रलंबित होता, असं बाहेरच्या शिपायानं अभिमानानं सांगितलं. आत टेबलामागे चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या लाकडी पाटीवर ‘श्री. ऋषी धामणकर, कक्ष अधिकारी’ असं लिहिलं होतं.

कमळाकर चाचरला. “धामणकरसाहेब?”

“ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी सुचिता. बसा,” बाई म्हणाल्या. “पाटी बदलायचा अर्ज मी केलाय. तो मंजूर करायचा अधिकार कक्ष अधिकाऱ्यांना आहे. म्हणजे या पाटीला.”

हा विनोद होता की वस्तुस्थिती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कमळाकरनं हात जोडून सगळी हकिगत सांगितली. सप्ताह, भाकऱ्या, बुवा, पाडवा. सुचिताबाईंनी ती मन लावून ऐकली. मग चष्मा पुसला.

“काका, गाळ्यात दवाखाना नाही, याला पुरावा काय?”

“आत तवा हाय, मॅडम. परात हाय. पिठाचा डबा हाय.”

“तवा हे दातांचं उपकरण नाही, असं कुणाचं प्रमाणपत्र आहे?”

आजवर कोणत्याही तव्याला असं प्रमाणपत्र मिळाल्याचं कमळाकरच्या ऐकण्यात नव्हतं.

“मी सुचवते तसं करा,” बाई मायेनं म्हणाल्या. “आधी पूर्वस्थिती आणा. ‘डॉ.’ परत चिकटवा. की बोगसगिरी आपोआप निकालात. मग अक्षरं उतरवण्याचा रीतसर अर्ज करा.”

“तो ‘डॉ’ माझ्याजवळच हाय. आज चिकटवतो.”

“असा नाही चिकटवता येणार. एखाद्या नावामागे नव्यानं ‘डॉ.’ लावायचं म्हणजे पदवीची प्रत जोडावी लागते.” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “तुमचं शिक्षण?”

“दहावी. दुसऱ्या खेपेला.”

मग कमळाकरनं कॅनडाला फोन लावला. तिकडे पहाट होती. डॉक्टर केळुसकर स्वेटरात दिसले आणि कमळाकरला पाहून त्यांचे डोळे भरून आले. “अहो, अजून नाव आहे माझं तिथे? इथे मला कुणी ओळखत नाही हो. राहू द्या की थोडे दिवस.” कमळाकरला त्यांची दया आली. पण पुतळा मागून त्याच्या पाठीला पिठाचं बोट टोचत होती. शेवटी डॉक्टरांनी पदवीची प्रत आणि ना-हरकत दोन्ही पाठवून दिली. शेवटी एक ओळही लिहिली होती: काढताना हळू काढा.

‘डॉ’ परत चढला. पोपटनं तो चिकटवला आणि अंकुशनं खाली उभं राहून तपासला. नोटीस मागे घेण्यात आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ‘अक्षर-विमोचन परवाना’ मिळाला. त्यात लिहिलं होतं: उतरवावयाची अक्षरे अठरा, टिंब एक. सदर छत्रवस्त्रावर भविष्यात अठराहून अधिक अक्षरे चढवता येणार नाहीत. नवीन मजकूर अर्जदाराच्या मर्जीप्रमाणे.

सुचिताबाईंनी पुतळाचा मजकूर बोटांवर मोजला. “‘पुतळाबाईंची तांदळाची भाकरी’. तेरा. पाच शिल्लक राहतात. छान बसतंय, काका.”

पाडव्याला पाच दिवस उरले असताना विमोचन झालं. पंचनाम्याला अंकुश, शेजारचा औषधवाला आणि एक रिक्षावाला असे पंच. जुनं रेडियम उन्हानं पापडासारखं कडकडीत झालेलं. पोपट एकेक तुकडा गरम करून सोलायचा आणि अंकुश खालून मोजायचा, “चौदा, पंधरा...” शेवटचा ‘ना’ निघाला. राहिलेला गोंद पोपटनं थिनरच्या फडक्यानं पुसला. सगळे चार पावलं मागे सरले आणि त्यांनी वर पाहिलं.

वर लिहिलेलं होतं: डॉ. अश्विन केळुसकर यांचा दातांचा दवाखाना.

आठ वर्षांच्या उन्हानं सगळं कापड विटून फिकट झालं होतं. अक्षरांखालचं तेवढं कोवळ्या भाताच्या रोपासारखं गडद हिरवं राहिलं होतं. पूर्वी पांढरी अक्षरं धुळीनं मळकी दिसायची. आता नाव नाक्यावरच्या सिग्नलपासून वाचता येत होतं. एक आजोबा गालावर हात धरून रस्ता ओलांडूनही आले.

“टिंबसुद्धा आलंय,” औषधवाला कौतुकानं म्हणाला.

कमळाकर खालीच बसला. कीर्तनात त्यानं शंभरदा ऐकलं होतं की देह जातो आणि नाव उरतं. ते दंतवैद्यालाही लागू असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अंकुशनं पंचनामा लिहिला: ‘अक्षरे काढली. मजकूर कायम.’

“अरे बाबा, रेडियम तुझ्या हातात हाय! वर काय हाय?” कमळाकर म्हणाला.

“मला वाचता येतंय ना, काका? वाचता येतं तो फलक. व्याख्याच आहे तशी.”

दुसऱ्या दिवशी सुचिताबाईंच्या टेबलावर खरा पेच उभा राहिला. छपरावर आता जो मजकूर होता, तो अनधिकृत होता. कारण मूळ परवानगी रेडियमला होती, आणि रेडियम तर पाकिटात घालून जमा झालं होतं. नवा मजकूर कोणी लिहिला?

“उन्हानं,” कमळाकर म्हणाला.

बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. “इथे अक्षरे लावणाऱ्याचं नाव. मी ‘सूर्य’ लिहिते. पत्ता?”

“पूर्वेकडून येतो.”

“कायमचा पत्ता विचारलाय.” त्यांनी सुस्कारा सोडला. “बरं, नवं कापड घालाल?”

“घालतो. आजच घालतो.”

“नवं कापड म्हणजे नवं छत्रवस्त्र. त्याचं धोरण दोन वर्षं विचाराधीन आहे. हे जे आहे ते तुम्ही काढलंत, की परत लावता येणार नाही. दुसरा उपाय म्हणजे ऊन लागू देणं. अक्षरांखालचं कापडही आठ वर्षांत फिकं पडेल, असं तज्ज्ञांचं मत मागवता येईल.”

“आठ वर्षं? पाडवा चार दिवसांवर हाय, मॅडम. बुवा येनार. माझा शब्द हाय.”

आजवर पुतळा कार्यालयात आली नव्हती. त्या दिवशी ती डबा घेऊन आली होती, कारण कमळाकर सकाळपासून उपाशी होता. दाराशी उभं राहून तिनं सगळं ऐकलं आणि पदर खोचून आत आली.

“बाय, एक इचारू? भाकर एका अंगानं करपली तं तू काय करतेस? तवा फेकून देतेस?”

सुचिताबाई गोंधळल्या. “परतते.”

“मंग परता ना ते कापर! दोरीनं तं बांधलंय पायपाला. आतलं अंग कोरं हाय. छप्पर तेच, पायप तेच, परवाना तोच. नुसता उलटा.”

सुचिताबाईंनी नियमावली उघडली. लावणे होतं, काढणे होतं, दुरुस्ती, रुंदीकरण, उंची वाढवणे, हस्तांतर, सगळं होतं. उलटं करणं कुठेही नव्हतं. ज्यावर नियम नाही, त्यावर बंदीही नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“काकू, नाव काय तुमचं?”

“पुतळा.”

“बसा. डब्यात काय आहे?”

मढवी दांपत्य जिना उतरत असताना शिपायानं पाहिलं, की बाईंनी पुढची लाकडी पाटी उचलली, तिची मागची बाजू न्याहाळली, ती उलटी ठेवली आणि मार्करनं त्यावर ‘सुचिता’ असं लिहिलं. पाटी तीच, टेबल तेच.

इथवर कथा सुखाची आहे. कार्यालयाशी लढून जिंकलेला माणूस गावात क्वचित सापडतो. कमळाकरनं छप्पर उलटं करून बांधलं. वर हिरवंगार कोरं कापड. आता फक्त तेरा अक्षरं. कोणी अडवणारं नव्हतं, कसला अर्ज नव्हता, मजकूर अर्जदाराच्या मर्जीप्रमाणे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी पोपटचा फोन आला. “शेठ, कटिंगला बसलोय. ‘पुतळाबाईंची’ असंच ना?”

कमळाकर पारावर चार मंडळींत बसला होता. ‘हो’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण चौघांचे कान टवकारलेले दिसले.

“नुसतं पुतळाबाई जरा... कसं वाटतं रे? कोन पुतळाबाई, असं लोक विचारतील. नीट पूर्ण नाव घाल. सौ. पुतळा कमळाकर मढवी यांची तांदळाची भाकरी.”

पोपटनं मोजलं. “एकवीस झाली, शेठ. परवाना अठराचा हाय. ‘तांदळाची’ उडवू?”

“वेडा का तू? मग ज्वारीची समजतील. आगऱ्याच्या घरात ज्वारी?”

“मग ‘मढवी’?”

“बापाचं नाव काढू?”

“मग ‘पुतळा’ काढलं तर बरोब्बर अठरा होतात.”

कमळाकरनं विचार केला. सौ. कमळाकर मढवी म्हणजे तीच की. लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवर इतकी वर्षं हेच तर लिहून आलं होतं. अर्थ बदलत नव्हता.

“चालेल. सौ. कमळाकर मढवी,” तो म्हणाला. पारावरचे चौघे हसले. “काय रे कमळ्या, तू सौ. कवा झालास?”

कमळाकरचे कान लाल झाले. “पोपट, ते ‘सौ.’ पण काढ. एक अक्षर मोकळं राहिलं ना? तिथे ‘श्री.’ टाक.”

“टिंबासकट?”

“टिंबासकट.”

या संपूर्ण संभाषणाला अडीच मिनिटं लागली. कोणत्याही टप्प्यावर कुठलीही कागदपत्रं जोडावी लागली नाहीत.

पाडव्याच्या सकाळी गाळ्यापुढे गुढी उभी राहिली. आत पुतळानं पहिली भाकरी तव्यावर टाकली. बुवा आले, सुचिताबाईही घरून डबा न आणता आल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. कोऱ्या हिरव्या कापडावर चकाकत्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: श्री. कमळाकर मढवी यांची तांदळाची भाकरी.

बुवांनी कात्री खिशात ठेवली.

सुचिताबाई कमळाकरच्या कानाशी हळूच म्हणाल्या, “काका, नोंद असू द्या हं. या टप्प्यावर आमच्या कार्यालयाकडून कुठलीही अडवणूक झालेली नाही.”

पुतळा पिठाच्या हातानं बाहेर आली. तिला सावकाश वाचता यायचं. तिनं सगळं वाचलं, टिंबापर्यंत. कमळाकर सांगू लागला, अक्षरं कशी मोजली, परवाना कसा अठराचा, ‘तांदळाची’ ठेवणं कसं जरुरीचं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. पुतळानं तो संपू दिला.

“आवो,” ती म्हणाली, “रेडियम नवा हाय. आता काढलात तं डाग पडनार नाय. आठ वर्सांनी काढलात तं तुमचा नाव निघायचा नाय.” आणि पोपटच्या पिशवीतला हेअर ड्रायर उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिला. “भाकर मी परतताय. छप्पर तुमी बघा.”

आणि ती आत गेली. बुवा ओट्यावर बसले आणि स्वतःशीच टाळी धरून हसू लागले. कमळाकरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पारावरच्या त्या चौघांकडे, जे आता भाकरीच्या वासानं रांगेत पहिले उभे होते. मग शिडी लावली, धोतराचा सोगा खोचला आणि तो वर चढला. हेअर ड्रायरचं बटण दाबलं. ‘श्री’चा कोपरा जरासा उचलला गेला.

खालून ओळखीचा आवाज आला.

“काका, परवानगी?”

कमळाकर पुन्हा अर्ज करणार आहे. अक्षरं अठरा, टिंब एक. ना-हरकतीच्या रकान्यात यावेळी कॅनडाला फोन करायची गरज नाही. अक्षरधारक स्वतःच अर्जदार आहे, आणि तो हरकत घेणार नाही असं त्यानं बुवांपुढे सांगितलंय. मंजुरी मिळेपर्यंत फीत तशीच बांधलेली राहील. गिऱ्हाईकं खाली वाकून भाकरी नेताहेत.

आणि मंडळी, कमळाकरला हसून झालं असेल तर जरा उठा, आपल्या घराचं दार उघडा आणि बाहेरून दारावरची पाटी वाचून या. तिच्यावर किती अक्षरं आहेत आणि ती कुणाची आहेत, ते मोजा. तिथे ना नोंदणी लागते, ना पंचनामा, ना अंकुश खाली उभा असतो. नुसता एक स्क्रू ड्रायव्हर लागतो.